मुलगी पास देते, पॉइंट दुसरीच्या नावावर: मग वुडनचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगी १४ वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात गार्ड (बॉल पुढे आणून पास देणारी) खेळते, तिचे सर सारखं "पास दे, टीमसाठी खेळ" म्हणतात, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी जॉन वुडन नावाच्या अमेरिकन कोचचं एक वाक्य टाकतात, आणि जिल्ह्याच्या ट्रायलला सिलेक्शन झालं ते मात्र सगळे बॉल स्वतःच मारणाऱ्या मुलीचं. तर हा वुडन कोण आणि टीमवर्कला खरंच काही किंमत आहे का, की ते नुसतं भिंतीवर रंगवायचं असतं.

मी शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींना बास्केटबॉल, बरीच वर्षं झाली, ट्रायलच्या टेबलच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टीमवर्कला किंमत आहे, पण ती आपोआप नसते, कोचला ती रोजच्या प्रॅक्टिसमध्ये स्वतः लावावी लागते, नाहीतर मुलांच्या हिशोबात ती शून्यच राहते, आणि मुलांचा हिशोब चुकीचा नसतो हो. वुडन मला मोठे वाटतात ते याच बाबतीत. त्यांची वाक्यं तुम्ही खुशाल सोडून द्या, त्यांच्या खेळाडूंनाही कॉलेजमध्ये असताना ती जुनाट वाटायची, त्यांचाच स्टार खेळाडू बिल वॉल्टनने तर हे जाहीरपणे कितीदा तरी सांगितलंय. बघायचं ते हा माणूस प्रॅक्टिसच्या वेळी, दुपारी तीन ते साडेपाच, कोर्टवर नक्की काय करायचा.

आधी ओळख. जॉन वुडन हे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच, १९४८ ते १९७५. शेवटच्या १२ सीझनमध्ये १० वेळा एनसीएए म्हणजे अमेरिकेची कॉलेज चॅम्पियनशिप, त्यातल्या ७ सलग, १९६७ ते १९७३. चार सीझन असे की ३० मॅच आणि ३० विजय. १९७१ ते १९७४ मध्ये सलग ८८ मॅच जिंकल्या. जन्म १९१० चा, इंडियाना राज्यातला, शेतावर वाढलेला मुलगा, आणि २०१० च्या जूनमध्ये गेले तेव्हा शंभरी भरायला चार महिने कमी होते. स्वतः पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना तीन वर्षं ऑल-अमेरिकन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवड), बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही गेलेले पहिले तेच.

हे सगळे सांगतात. मला मात्र त्यांचा एक वेगळा आकडा जास्त आवडतो, तो म्हणजे पहिली चॅम्पियनशिप आली १९६४ ला, यूसीएलएला येऊन सोळाव्या सीझनला. तोवर काय होतं? एक जुनं जिम, वरच्या मजल्यावर, त्याच हॉलमध्ये बाजूला कुस्तीवाले आणि जिम्नॅस्टिक्सवाले, फरशीवर धूळ, आणि प्रॅक्टिसच्या आधी मॅनेजर मुलांबरोबर कोच स्वतः फरशी पुसतोय. आपल्याकडे पावसाळ्यात कोर्टवर पाणी साचलं की झाडू कोणी घ्यायचा यावर मुलं एकमेकांकडे बघत उभी राहतात, तेव्हा मी हेच सांगते, आणि मग झाडू मलाच घ्यावा लागतो, तो भाग वेगळा.

तुम्ही पालक आहात म्हणून अजून एक सांगते. वुडन मुळात इंग्रजीचे शिक्षक, शाळेतले. १९३४ च्या सुमाराला त्यांना एक गोष्ट खटकायला लागली की शेजारच्याच्या मुलाला बी किंवा सी ग्रेड मिळाली तर पालकांचं काही म्हणणं नसतं, स्वतःच्या मुलाला मिळाली की एकतर मुलगा वाया गेला किंवा मास्तर बेकार. त्यावरून त्यांनी बसून स्वतःसाठी यशाची व्याख्या लिहिली, साधारण अशी की आपल्याला जितकं चांगलं होता येईल तितकं व्हायचा पुरेपूर प्रयत्न केला हे आपलं आपल्याला माहीत असणं आणि त्यातून येणारी शांती. त्यातूनच पुढे ते यशाचं पिरॅमिड तयार झालं, १५ चौकोनांचं, पूर्ण व्हायला १९४८ उजाडलं. तुमच्या ग्रुपवर त्याचा फोटो येऊन गेला असणारच. मला स्वतःला त्या पिरॅमिडचा फार उपयोग झालेला नाही, खरं सांगते, चौदा वर्षांच्या पोरीला चौकोन दाखवून काही होत नाही.

मोज्यांचा झालाय पण. दर सीझनच्या पहिल्या दिवशी वुडन खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचे. देशभरातून निवडून आणलेली, सहा-सात फुटी पोरं, आणि हा म्हातारा सांगतोय की मोजा वर ओढा, टाचेपाशी आणि करंगळीपाशी हात फिरवून बघा, सुरकुती राहिली की फोड येणार, फोड आला की प्रॅक्टिस बुडणार, बूट खालपासून एकेक भोक करत आवळा, डबल गाठ मारा. शिवाय खेळाडू सांगेल तो बुटाचा नंबर ते मान्य करायचे नाहीत, पाय तपासून घ्यायचे, कारण बहुतेक जण गरजेपेक्षा मोठा बूट घालून यायचे आणि पाय आत सरकायचा. आता आपल्याकडे बघा, "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेतलेली मुलगी प्रत्येक टीममध्ये आहे, सिमेंटच्या कोर्टवर कट मारताना (झटकन दिशा बदलून धावताना) पाय बुटात अर्धा इंच पुढे जातो, दुसऱ्या क्वार्टरला ती लंगडते आणि तिच्या जागी मला जी मुलगी उतरवावी लागते ती बिचारी तयार नसते. एकीच्या मोज्याची सुरकुती पाच जणींचा प्रश्न होतो तो असा. टीमवर्कवर भाषण द्यायच्या ऐवजी मी हे दाखवते, लगेच पटतं.

आता मुख्य मुद्दा. १९७४-७५ ला, म्हणजे वुडनच्या शेवटच्या सीझनला, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसले आणि १५ प्रॅक्टिसमध्ये हा माणूस काय काय बोलतो ते सगळं वर्गवारी करून टिपत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. त्यातल्या साधारण ७५ टक्के नोंदी म्हणजे निव्वळ माहिती, काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं. नुसती शाबासकी ७ टक्क्यांच्या आत आणि नुसती नाराजीही ७ टक्क्यांच्या आतच. लांबलचक भाषण जवळजवळ नाहीच, एका वेळी एखाद-दोन वाक्यं, आणि खेळ चालूच. चुकलं की ते लगेच थांबवून आधी बरोबर कसं ते करून दाखवायचे, मग तू कसं केलंस ते, मग परत बरोबर कसं, हे सगळं काही सेकंदांत, आणि लगेच पुन्हा खेळ सुरू. कोणाला किती मिनिटं कुठलं ड्रिल हे सकाळीच असिस्टंट कोचबरोबर बसून ठरलेलं, छोट्या कार्डावर लिहिलेलं, आणि ती कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवलेली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या ग्राउंडवर दिवसभर काय आवाज येतात ते आठवून बघितलं. "अगं बघ ना!" "काय करतेस!" "शाब्बास!" "पास दे पास!" यात माहिती किती? "पास दे" ही माहिती नाहीये दादा. कोणाला, कुठल्या हाताला, बाउन्स (टप्पा देऊन) की चेस्ट (छातीपासून सरळ), ती स्क्रीनवरून, म्हणजे डिफेन्डरची वाट अडवून उभ्या असलेल्या आपल्याच मुलीच्या आडून, बाहेर यायच्या आधी की आल्यावर, हे सांगितलं तर ती माहिती. तुमच्या मुलीला "टीमसाठी खेळ" म्हणून काहीच कळणार नाही, तिला हे कळलं पाहिजे की पोस्टमधली (बास्केटजवळची) मुलगी पाठ लावून उभी असेल तर बॉल तिच्या डिफेन्डरपासून लांबच्या हाताला द्यायचा आणि देऊन उभं राहायचं नाही, लगेच बास्केटकडे कट मारायचा. तिच्या सरांना हे विचारून बघा, नम्रपणे, भांडायला जाऊ नका.

वुडनचा अजून एक नियम होता, बास्केट केलेल्या खेळाडूने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, नाहीतर मान हलवायची, डोळा मिचकावायचा, काहीतरी खूण करायचीच. एकाने विचारलं, तो माझ्याकडे बघतच नसला तर? वुडनचं उत्तर, बघत असणारच, खात्रीने. ऐकायला गंमत वाटते पण पास देणाऱ्याच्या मनात काय चालतं हे या माणसाला किती नेमकं कळलं होतं बघा, पास देणाऱ्यालाही कौतुक हवंच असतं, तो साधूसंत नसतो. आपण टीमवर्क म्हणजे त्याग असं मुलांना शिकवतो आणि तिथेच गाडी अडते. कौतुक मिळण्याची जागा बास्केटवरून पासवर आणायची, मग त्याग वगैरे म्हणायची गरज पडत नाही.

१९६४ ची टीम या सगळ्याचं चांगलं उदाहरण आहे. वॉल्ट हॅझर्ड, गेल गुडरिच, कीथ एरिक्सन, फ्रेड स्लॉटर, जॅक हर्श, पाचांत ६ फूट ५ इंचांपेक्षा उंच कोणी नाही. फायनलला ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोघे. यूसीएलए ९८-८३ ने जिंकलं. कसं? २-२-१ झोन प्रेस. समोरच्यांनी बेसलाइनवरून बॉल आत टाकला की पुढचे दोघे अंगावर, मधले दोघे पासच्या वाटेवर, आणि मागे एकटा एरिक्सन. बॉल हिसकावणं हा प्रेसचा हेतू नंतरचा, आधी समोरच्याला घाई करायला लावायची, उंच पास मारायला लावायचा, तसा पास हवेत जास्त वेळ राहतो आणि मागचा माणूस तिथे पोचतो. हे असं आहे की पाचातला एक जण जरी दमून कमरेवर हात ठेवून उभा राहिला तरी बाकी चौघांचं धावणं पाण्यात. फायनलमध्ये अडीच मिनिटांच्या आसपास यूसीएलएने ओळीने १६ पॉइंट काढले, त्यातले बरेचसे समोरच्यांच्या चुकांतून. आणि बेंचवरून आलेल्या केनी वॉशिंग्टनने त्या दिवशी २६ केले, स्टार गुडरिचपेक्षा फक्त एक कमी. ही प्रेस वापरूया हा आग्रह असिस्टंट कोच जेरी नॉर्मनचा होता आणि वुडननी तो मानला, हेही टीमवर्कमध्येच धरा, मुख्य कोचने असिस्टंटचं ऐकणं ही आपल्याकडे किती दुर्मिळ गोष्ट आहे ते मी वेगळं सांगायला नको.

पुढे ल्यू अल्सिंडर आला, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, ७ फुटांच्या वर. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये खेळता यायचं नाही, म्हणून तो उतरला १९६६ च्या डिसेंबरमध्ये, आणि पहिल्याच मॅचला ५६ पॉइंट. आता तुमच्या डोक्यात येईल की मग बॉल त्याच्याकडे टाकायचा आणि बघत बसायचं. तसं खेळले असते तर त्याने कॉलेजचे सगळे स्कोअरिंग रेकॉर्ड मोडले असते असं वुडन स्वतः म्हणायचे. पण त्यांनी जुनी हाय पोस्टची (सेंटर फ्री थ्रो लाइनपाशी ठेवायची) पद्धत बदलून त्याला बास्केटजवळ ठेवणारी नवी पद्धत बसवली आणि तरीही बॉल पाचही हातांतून फिरेल असं बघितलं. त्याची सरासरी पहिल्या सीझनला २९ होती, शेवटच्याला २४. पॉइंट कमी झाले आणि तीन वर्षांत तीन चॅम्पियनशिप. १९६७ ला कॉलेजमध्ये डंकवर (बॉल वरून रिंगमध्ये ठोकण्यावर) बंदी आली, ती १९७६ पर्यंत होती, लोक म्हणतात अल्सिंडरमुळेच, तर त्याने स्कायहुक (एका हाताने डोक्यावरून मारायचा शॉट) घोटून घोटून पक्का केला, पुढची वीस वर्षं एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, तोच शॉट कोणाला सहजी अडवता आला नाही.

हे सगळं वाचून वुडनची टीम म्हणजे एक सुखी कुटुंब होतं असं वाटून घेऊ नका. १९६८ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ लोकांसमोर मॅच झाली, यूसीएलए ७१-६९ ने हरलं, त्याआधी सलग ४७ जिंकले होते. त्या मॅचमध्ये एडगर लेसी या सीनियर खेळाडूला वुडननी पहिल्या हाफमध्ये बाहेर काढलं आणि परत आत घेतलंच नाही. लेसी टीम सोडून गेला तो कायमचा. यूसीएलएने पुढे त्याच सीझनच्या एनसीएए सेमीफायनलला त्याच ह्यूस्टनला १०१-६९ असं धुतलं, पण लेसी काही परत आला नाही. टीमवर्कचा हिशोब बेंचवर बसलेला माणूसच भरत असतो, पाचांची मजा असते आणि बाकीच्यांची ओढाताण. वुडन सात-आठ जणांपलीकडे फार कोणाला खेळवत नसत, आणि सगळ्यांना सारखी वागणूक देईन असं त्यांनी कधी सांगितलंही नाही, ज्याची जशी कमाई तशी वागणूक.

म्हणून मला स्वेन नेटरची गोष्ट जास्त खरी वाटते. नेटर ६ फूट ११ इंचांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या पाचात असता. यूसीएलएत बिल वॉल्टन होता, ज्याने १९७३ च्या फायनलला २२ पैकी २१ शॉट घालून ४४ पॉइंट केले. वुडननी नेटरला यायच्या आधीच स्पष्ट सांगितलं की मॅचमध्ये तुला फार वेळ मिळणार नाही, पण रोज प्रॅक्टिसला देशातल्या सगळ्यात चांगल्या सेंटरसमोर खेळायला मिळेल. तो आला, रोज वॉल्टनशी झुंजला, कॉलेजमध्ये एकही मॅच स्टार्ट न करता १९७३ च्या एनबीए ड्राफ्टच्या (संघांनी नवे खेळाडू निवडायच्या) पहिल्या फेरीत गेला, आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये रिबाउंडमध्ये (हुकलेल्या शॉटचा बॉल मिळवण्यात) पहिला आला. "तुझाही नंबर लागेल गं" असं मोघम बोलून मुलीला वर्षभर बेंचवर बसवणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलांना बेंच चालतो, फसवणूक चालत नाही. माझ्याकडे मी सीझनच्या सुरुवातीलाच प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगते की तुझं काम हे, तू या वेळी आत जाणार, रडारड होते एक दिवस, पुढे वर्ष शांत जातं.

आणि वुडनच्या चॅम्पियनशिप सुरू व्हायच्या कितीतरी आधीची एक गोष्ट. १९४७ ला ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजचे कोच होते. कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं, पण तिथे काळ्या खेळाडूंना बंदी होती. टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, काळा, आणि तोही राखीव खेळाडू. त्याला घरी ठेवून बाकीचे जाऊ शकले असते, कोणी बोट उचललं नसतं. वुडननी आमंत्रणच नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, टीम गेली, वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. फायनल हरले, लुईव्हिलकडून. १० चॅम्पियनशिपच्या गप्पांत हे मागे पडतं, पण टीम म्हणजे काय हे मला विचाराल तर मी इथून सुरुवात करेन.

आरती ओवाळायची नाहीये तेव्हा दुसरी बाजूही लिहिते. हे गृहस्थ बेंचवर गुंडाळी केलेला कागद हातात घेऊन सभ्यपणे बसलेले दिसायचे पण त्याच गुंडाळीआडून रेफ्रींना आणि समोरच्या खेळाडूंनाही टोमणे मारायचे, शिवी मात्र नाही. आणि सॅम गिल्बर्ट नावाचा एक श्रीमंत चाहता यूसीएलएच्या खेळाडूंना नियमात न बसणारी मदत करायचा हे नंतर बाहेर आलं, १९८१ ला कॉलेजवर कारवाई झाली, तोवर वुडन निवृत्त झाले होते. त्यांनी तिकडे डोळेझाक केली का यावर अमेरिकेत अजून वाद होतात. मला वाटतं केली, थोडी तरी.

बरं, आता तुमच्या मुलीकडे येते, कारण लॉस एंजेलिसच्या गोष्टी ऐकून ट्रायलमध्ये निवड होत नाही.

आपल्या जिल्हा पातळीच्या मॅचची स्कोअरशीट कधी जवळून बघितलीत का? टेबलवर जाऊन बघा. खेळाडूचा नंबर, कोणी किती पॉइंट केले, कोणाचे किती फाउल, टाइमआउट. संपलं. पास कोणी दिला याचा रकानाच नाही. स्क्रीन कोणी लावली, रिबाउंडला बॉक्स आउट कोणी केलं (समोरचीला पाठीने अडवून ठेवलं), बॉलला हात लावून कोणी दिशा बदलवली, काही नाही. म्हणजे संध्याकाळी त्या कागदावर जे उरतं त्यात तुमची मुलगी दिसतच नाही. सिलेक्टर हातात तोच कागद घेऊन बसतो, पेपरवाला त्यावरूनच बातमी करतो, आणि राज्य पातळीला खेळलं तर दहावीला गुण, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण, हे सगळे रस्ते सिलेक्शनमधून जातात. मग मुलगी बॉल का सोडेल? तिला स्वार्थी म्हणणं सोपं आहे, पण आपणच तो कागद असा केलाय.

म्हणून मी दुसरा कागद ठेवते. बेंचवरच्या मुलीच्या हातात वही, त्यात चार रकाने: पासवरून बास्केट, स्क्रीन, बॉक्स आउट, बॉलला लागलेला हात. मॅच संपली की मी पहिल्यांदा ही वही वाचते, पॉइंट नंतर, कधी कधी वाचतच नाही. दोन फायदे होतात, एक तर बेंचवरची मुलगी मॅच बघायला शिकते, मोबाइल काढत नाही, आणि दुसरा, पोरी आपण होऊन विचारायला लागतात की सर्वात जास्त स्क्रीन कोणाच्या. एकदा का हा प्रश्न ग्राउंडवर ऐकू आला की अर्धं काम झालं.

दुसरं म्हणजे प्रॅक्टिसमध्ये रोज थोडा वेळ विना-ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत न नेता, मॅच. पाच विरुद्ध पाच, ड्रिबल बंद, फक्त पास आणि पिव्हट (एक पाय रोवून वळणं). सुरुवातीला भयंकर गोंधळ होतो, बॉल घेतलेली मुलगी अडकते, बाकीच्या चौघी पुतळ्यासारख्या उभ्या, आणि तेव्हाच त्यांना दिसतं की पास हा देणाऱ्यापेक्षा मोकळं होणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो. आणि हे काही माझं डोकं नाही, १८९१ ला नेस्मिथने खेळ काढला तेव्हाच्या १३ नियमांत ड्रिबल नव्हताच, बॉल जिथे पकडला तिथूनच टाकायचा, ड्रिबल नंतर घुसला.

आता एक कडू गोष्ट, रागावू नका. तुमची मुलगी पास देते हे चांगलंच, पण ती मोकळी असताना शॉट घेते का? मॅच बघताना नीट बघा. बऱ्याच "पास देणाऱ्या" मुली बॉल हातात आल्यावर रिंगकडे बघतच नाहीत, आणि समोरच्या कोचला हे दोन मिनिटांत कळतं, मग तिची डिफेन्डर तिला सोडून आत पोस्टवर दुहेरी पहारा द्यायला जाते, आणि तिने दिलेला पास गर्दीत जातो. म्हणजे शॉट न घेऊन ती टीमचंच नुकसान करतेय. मोकळी असताना शॉट घेणं हे टीमवर्कच आहे, वुडनच्या गुडरिचने १९६४ च्या फायनलला २७ केले आणि पुढच्या वर्षीच्या फायनलला ४२, त्याला कोणी स्वार्थी म्हटलं नाही. तेव्हा घरी तिला "पास देत जा" हे अजून एकदा सांगू नका, ते तिला येतं. रोज फ्री थ्रो लाइनच्या दोन्ही कोपऱ्यांवरून शॉट मारायला लावा, पास घेऊन थेट शॉट, ड्रिबल न करता, आणि दमल्यावर फ्री थ्रो.

आणि ट्रायल. तिथे ओळख नसलेल्या मुली, दहा मिनिटांचा खेळ, प्रत्येकीला बॉल हवा, तिथे तुमच्या मुलीचे सुंदर पास पकडणारंच कोणी नसतं, म्हणून तिथे पासवर सिलेक्शन होईल ही आशा धरू नका. पण सिलेक्टरला दुसऱ्या गोष्टी दिसतात, मी टेबलवर बसलेय म्हणून सांगते: बॉल गेला की कोण पहिली मागे धावते, डिफेन्समध्ये कोण मोठ्याने बोलते, "स्क्रीन उजवीकडे" असं ओरडून शेजारणीला कोण सांगते, बाहेर काढल्यावर कोण तोंड पाडून बसते. या चारही गोष्टींना बॉल लागत नाही. अनोळखी मुलींची नावं सुरुवातीलाच विचारून घे म्हणावं, नावाने हाक मारली की मुलगी वळते, आणि टेबलवरच्यांचंही लक्ष जातं. फॉर्मवर पोझिशनचा रकाना असतो तिथे "कुठेही चालेल" लिहू नका, पॉइंट गार्ड असं स्पष्ट लिहा, कारण शेवटी यादी करताना आम्ही पॉइंट गार्डच शोधत असतो आणि निम्म्या फॉर्मवर "कुठेही" असतं.